बाहुल्याचा आवाज आणि लक्ष्याची साक्ष

(व्याख्यान एकच, पण बारामती आणि इंदापूर अशा दोन ठिकाणी झालेलं. दोन्हीकडचं एकत्र करून हे शब्दांकन केलं आहे. बोलण्याचा बाज शक्य तिथं तसाच ठेवला आहे.)



याच व्याख्यानमालेत आम्ही पूर्वी शांकर वेदान्तावर बोललो, कान्टवर बोललो. आज तात्या विंचूवर बोलणार आहोत. ही घसरण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी थोडा वेळ दम धरावा, एवढीच विनंती. आमचं म्हणणं असं आहे की महेश कोठारे यांचा १९९३ सालचा 'झपाटलेला' हा गंभीरपणे बघण्यासारखा चित्रपट आहे. वीस वर्षांनी, २०१३ साली आलेला 'झपाटलेला २' तसा नाही. आणि या दोन चित्रपटांच्या मध्ये जे बिघडलं ते टॉकीजमध्ये बिघडलं नाही, ते आपल्या घरात बिघडलं. कॅसेटवर, सीडीवर, टीव्हीवर. ते कसं, एवढंच आज मांडायचं आहे.

आधी थोडी कुळकथा. भुताला हसायची खोड आपल्याला जुनीच. १९८२ साली 'एक डाव भुताचा' आला. त्यात अशोक सराफ भूत आणि दिलीप प्रभावळकर गावातले मास्तर. १९८९ मध्ये 'भुताचा भाऊ', १९९० मध्ये कोठाऱ्यांचाच 'धडाकेबाज', त्यात कवट्या महाकाळ आणि बाटलीतला लक्ष्मीकांत बेर्डे. 'झपाटलेला'नंतर २००४ मध्ये पुन्हा कोठाऱ्यांचा 'पछाडलेला'. हिंदीत याच काळात रामसे बंधूंचे 'पुराना मंदिर', 'वीराना' वगैरे चालू होते. पण ते भिववायला निघाले होते आणि लोक हसत होते. मराठीवाले हसवायला निघाले होते, आणि अधूनमधून पोरं खरंच भीत होती. हा फरक लक्षात ठेवा.

गोष्ट बहुतेकांना पाठ आहे, तरी दोन वाक्यांत सांगतो. तात्या विंचू नावाचा गुंड बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून एक मंत्र मिळवतो. पोलिसांच्या गोळीनं मरता मरता त्या मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला जातो लक्ष्या बोळके नावाच्या भोळ्या, बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या माणसाकडे. आता तात्याला माणसात परत यायचंय. आणि नियम असा की ज्याला त्यानं आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच देहात त्याला शिरता येईल. म्हणजे लक्ष्याच्या.

हे कथानक १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटावरून उचललं आहे, हे उघड आहे. त्यावर रागवायचं काही कारण आम्हांला दिसत नाही. उचलण्यात चूक नसते, उचलून जसंच्या तसं ठेवण्यात असते. कोठाऱ्यांनी काय बदललं ते बघा.

मूळ चित्रपटात बाहुला हा कारखान्यात हजारांनी बनणारं खेळणं आहे. टीव्हीवर जाहिरात बघून सहा वर्षांचा मुलगा त्यासाठी हट्ट धरतो. त्या चित्रपटाचा टोला खेळण्यांच्या बाजाराला आहे. बाहुला जिवंत आहे असं मुलगा सांगतो, आणि मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत. साहजिकच आहे. सहा वर्षांचं पोर काय, काहीही सांगेल.

मराठीत मुलगा गेला आणि त्या जागी मोठा माणूस आला. आमच्या मते या चित्रपटातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. लक्ष्या लहान नाही. तो जे डोळ्यांनी बघतोय ते शुद्धीत, गावातल्या माणसांना, ओळखीच्या भाषेत सांगतोय. तरी त्याचं कोणी ऐकत नाही. का ऐकत नाही? तर तो गावातला हसवणारा माणूस आहे म्हणून. भोळा आहे म्हणून. शिवाय त्याचा धंदाच असा की बाहुल्याच्या तोंडून बोलायचं. असा माणूस येऊन सांगू लागला की 'बाहुला आपलाआपण बोलला', तर गाव काय म्हणणार? म्हणणार, वा, नवा खेळ बसवलाय वाटतं.

न्यायशास्त्रात शब्द हे एक प्रमाण मानलं आहे. म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं हेही ज्ञानाचं साधन. पण विश्वासू कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी कळली आहे, आणि जी तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायनानं भाष्यात एक फार मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. असा विश्वासू माणूस ऋषी असू शकतो, आर्य असू शकतो आणि म्लेंच्छही असू शकतो. कूळ, प्रतिष्ठा, पदवी यांचा इथं संबंध नाही. मिरांडा फ्रिकर या इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली याच प्रश्नावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाच्या सांगण्याला तो कोण आहे एवढ्यावरून कमी किंमत देणं हा एक स्वतंत्र प्रकारचा अन्याय आहे. त्यात त्या माणसाचं ज्ञाता असणंच नाकारलं जातं. लक्ष्याचं नेमकं हेच होतं.

आता शीर्षकाकडे बघा. 'झपाटलेला' कोण? बाहुलाही पुल्लिंगी आणि लक्ष्याही पुल्लिंगी. व्याकरण काही ठरवू देत नाही. बाहुल्यात शिरलेल्या तात्याला स्वतःची स्मृती आहे, इच्छा आहे, आवाज आहे. त्याचं म्हणणं साऱ्यांना भाग पाडतं. उलट लक्ष्याला हाडामासाचा देह आहे, पण त्याच्या शब्दाला वजन नाही. मग बाहुला कोणाचा झाला, बोला! मंत्र म्हणायच्या आधीच गावानं लक्ष्याचं बाहुलं करून टाकलं आहे. परकायाप्रवेश आपल्याला नवा नाही. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केला ही आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं आचार्यांचा देह शिष्य राखत बसले होते. लक्ष्याचा देह राखायला कोण आहे? कोणी नाही, कारण त्याच्या देहाला धोका आहे हेच कोणाला मान्य नाही.

हे सगळं दोन तासांच्या धमाल विनोदात बसवलं आहे. आणि विनोद त्या बाहुल्यावर उभा आहे, म्हणून आता बाहुल्याकडे वळू.

तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी घडवला. बोलक्या बाहुल्यांची ही त्यांची दुसरी पिढी. अर्धवटराव हा त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांचा मानसपुत्र. बाहुल्याला आवाज दिलीप प्रभावळकरांचा. हा आवाज मोठा नाही, भसाडा नाही, गर्जना तर अजिबात नाही. चिडक्या, हट्टी माणसाचा आहे. आणि नाव काय, तर तात्या! आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात दर चौथ्या घरात एक तात्या असतो. पारावर बसलेला, बांधावरून भांडणारा, लग्नात मान मागणारा. 'तात्या' म्हटलं की अहोजाहो आलंच. भुताला घरातलं वडीलधारं नाव दिलं आणि पुढं 'विंचू' लावला. पहिल्या शब्दाला आपण पाटावर बसवतो, दुसऱ्या शब्दाला उठून पळतो. चित्रपटाची सगळी रीत या दोन शब्दांत आहे.

बाहुला हसवतो का आणि भिववतो का, यावर दोन मोठ्या माणसांनी लिहून ठेवलंय. बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९०० साली हास्यावर लिहिलं. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपण हसतो, असं त्याचं सूत्र. त्यानं उदाहरणंच खेळण्यांची दिली आहेत, दोरीवर नाचणारी बाहुली, पेटीतून उसळणारा भिडू. फ्रॉइडनं १९१९ साली अगदी उलट टोकाकडून लिहिलं. ओळखीची वस्तू अनोळखी होते तेव्हा जो शहारा येतो त्याबद्दल. त्यातही एक बाहुली आहेच, जिवंत वाटणारी. म्हणजे जिवंताचं यंत्र झालं की हसू आणि यंत्रात जीव दिसला की भीती. 'झपाटलेला'त दोन्ही एकाच वेळी चालू असतात. आखूड पायांनी तुरुतुरु पळणारा तात्या बघून हसू येतं, आणि त्याच पळणाऱ्याच्या हातात हत्यार असतं. लक्ष्मीकांत बेर्डे घाबरले की त्यांचं शरीर कळसूत्री बाहुलीसारखं थडथडतं. बाहुला माणसासारखा शांत, माणूस बाहुल्यासारखा लटपटणारा. बेर्ड्यांच्या अभिनयाला नुसतं 'विनोदी' म्हणून बाजूला टाकणाऱ्यांनी हे एकदा नीट बघावं.

इंदापूरकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. नीरा आणि भीमेच्या संगमावर नीरा-नरसिंगपूर तुमच्या तालुक्यात आहे. नरसिंह हे रूपही दोन जातींच्या मध्ये उभं आहे. धड माणूस नाही, धड सिंह नाही, दिवस नाही, रात्र नाही. पण त्याला कोणी हसत नाही. नोएल कॅरोल या अमेरिकी तत्त्वज्ञानं भय आणि विनोद यांच्या नात्यावर विचार करताना म्हटलं आहे की राक्षस घडतो दोन गोष्टींनी, एक म्हणजे जातींची सरमिसळ आणि दुसरी म्हणजे धोका. धोका वजा केला की उरते नुसती सरमिसळ, आणि तिचं हसू होतं. हे वजाबाकीचं गणित ध्यानात ठेवा. पुढच्या भागाची किल्ली तिथंच आहे.

आता बारामतीकरांसाठी. तुमच्या गावचे मोरोपंत. पंतांच्या नावावर एकशे आठ रामायणं आहेत. रामाची गोष्ट एकच, ऐकणाऱ्याला ती पाठ. मग एकशे आठ वेळा का सांगायची? तर दर वेळी पंत स्वतःवर नवं बंधन घालून घेतात. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असं अक्षरच वापरायचं नाही. प नाही, फ नाही, ब, भ, म नाही. आता मजा बघा. शब्दभ्रमाचा खेळ करणाऱ्याची अडचण हीच असते! ओठ न हलवता बोलायचं, तर प, ब, म ही अक्षरं आड येतात. त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं घोटून वाटा काढाव्या लागतात. कऱ्हेकाठच्या पंडित कवीनं केली ती आणि बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा करतो ती कसरत एकाच जातीची आहे.

आम्ही हे गंमत म्हणून सांगत नाही. पुनरावृत्तीला कला नावं ठेवत नाही, हे सांगायला सांगतोय. दुसरा भाग काढला म्हणून कोणी दोषी होत नाही. प्रश्न एवढाच, की गोष्ट पुन्हा सांगताना नवं बंधन घेतलं का, की होती ती बंधनंही सोडली?

पहिल्या 'झपाटलेला'त बंधनं भरपूर होती. बाहुला कुठवर चालू शकेल, मान किती वळेल, चेहऱ्यावर किती भाव येतील, सगळ्याला मर्यादा. म्हणून दिग्दर्शकाला सावली वापरावी लागते, आवाज वापरावा लागतो. आणि सगळ्यात जास्त म्हणजे बाहुल्याकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवावा लागतो. बाहुल्याला भाव नाहीत म्हणून भाव लक्ष्याला आले. चित्रपट लक्ष्याचा झाला तो असा.

इंग्रजीत असल्या भडक, नाटकी, जाणूनबुजून अतिरेकी शैलीला 'कॅम्प' म्हणतात. सुझन सॉन्टॅग यांचा १९६४ चा निबंध त्यावर प्रसिद्ध आहे. मराठीत शब्द काय? आम्हांला विचाराल तर 'सोंग'. भारुडात सोंग येतं. बाप्याच बाईचं लुगडं नेसून येतो, सगळ्यांना दिसतंय की तो बाप्या आहे, तो लपवतही नाही. पण सोंगाच्या पोटात काहीतरी खरं असतं. एकनाथांनी भूतबाधेवर भारूड रचलं. त्यातलं भूत वरून हसायला लावतं आणि आतून भलतीकडेच नेतं. सोंग चांगलं वठतं ते आत काही असलं की. नुसतं 'बघा, मी सोंग आणलंय' एवढंच सांगणारं सोंग लवकर शिळं होतं. सॉन्टॅगबाईंनाही कळून-सवरून केलेल्या कॅम्पपेक्षा भाबडं, मनापासून केलेलं जास्त पसंत होतं, ते याचसाठी.

आता घरातला भाग.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, आणि मागोमाग व्हीसीआर. विकत घेणं सगळ्यांना परवडायचं नाही. मग गणपतीत, बारशाला, कुठे ऊस गेल्यावर हातात पैसे आले की टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं यायचा. सोबत तीन किंवा चार कॅसेट. गल्ली सगळी अंगणात. पहिला पिक्चर देवाधर्माचा, म्हाताऱ्यांसाठी. मग मारामारीचा. भुताचा शेवटी, पहाटेकडे, पोरं अर्धवट झोपेत असताना. आणि कॅसेट ही नकलेची नक्कल. पडद्यावर रेषा, रंग उडालेले, अंधारात काही म्हणजे काही दिसायचं नाही. आमचं प्रामाणिक मत आहे की त्या खराब कॅसेटनं तात्या विंचूवर उपकार केले. बाहुल्याचे सांधे दिसायचे नाहीत. जे दिसत नाही ते मन भरून काढतं.

जत्रेतल्या तंबूत पिक्चर बघणं वेगळं होतं. तिथं एकदाच बघायचा, हजार माणसांत, आणि पुढच्या गावी तंबू निघून गेला की संपलं. कॅसेट मात्र थांबवता येते, मागं घेता येते. मग आला केबलवाला, मग स्वस्त सीडी, मग मराठी वाहिन्या. हिंदीत 'खिलौना बना खलनायक' नावानं डब झालेला तोच पिक्चर देशभर पोचला. मधल्या वीस वर्षांत दुसरा भाग आला नाही, पण पहिला कधी गेलाच नाही. रविवारी दुपारी जेवून पडावं आणि टीव्हीवर तात्या असावा. दोन पिढ्यांना तो असाच भेटला.

इथं कॅरोलची वजाबाकी लावा. एकच भुताचा चित्रपट विसाव्यांदा बघताना धोका किती उरतो? शून्य. पोरांना पुढचं वाक्य पाठ असतं, मंत्र पाठ असतो, शाळेच्या मधल्या सुट्टीत तो एकमेकांवर टाकून बघितला जातो. भीती गेली, हसू राहिलं. पुढं हसूही मुरलं आणि त्याचा जिव्हाळा झाला. तात्या हा घरातला तात्या झाला. यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. वाईट काही नाही. पण या वजाबाकीत आणखी एक गोष्ट वजा झाली, तिकडं कोणाचं लक्ष गेलं नाही. लक्ष्याची धडपड.

पहिल्यांदा बघताना आपण लक्ष्याच्या बाजूनं असतो. आपल्याला माहीत असतं की तो खरं बोलतोय, गावाला माहीत नसतं. आपण हसतो, पण हसताना मुठी आवळलेल्या असतात, अरे, ऐका कोणीतरी त्याचं! विसाव्या वेळी आपण गावाच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो. लक्ष्या ओरडतो, आपण हसतो. तो आणखी ओरडतो, आपण आणखी हसतो. गावानं जे केलं तेच आपण घरात बसून करतो, आणि आपल्याला ते कळत नाही.

२०१३ च्या जूनमध्ये 'झपाटलेला २' आला तो अशा प्रेक्षकासाठी. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरमध्ये गेले होते. त्यांच्या जागी लक्ष्याचा मुलगा, ती भूमिका आदिनाथ कोठाऱ्यांची. बाहुला तोच, आवाज तोच. आणि नवं काय, तर थ्रीडी. त्याचं तांत्रिक धाडस आम्ही मान्य करतो. मराठीत ते पहिल्यांदा होत होतं आणि त्याला हिंमत लागते. पण कला म्हणून काय झालं? डोळ्यांवर चष्मा, वस्तू अंगावर येतात, आपण मान मागं घेतो. मराठीत दचकणं वेगळं, भिणं वेगळं. दचकायला काही माहीत असावं लागत नाही, फटाका वाजला की म्हैससुद्धा दचकते. भ्यायला मात्र कोणाची तरी काळजी वाटावी लागते. थ्रीडीनं दचकवलं. भिववायला लक्ष्या हवा होता.

नुसता नट गेला म्हणून हे झालं असं आम्ही म्हणत नाही. ती जागाच गेली होती. थिएटरात बसलेल्या एकाही माणसाला बाहुला जिवंत आहे हे पटवायची गरज राहिली नव्हती. लोक तात्याला भेटायलाच आले होते, टाळ्या-शिट्ट्या तात्याच्या येण्याला. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही असा साक्षीदार मग उभा कुठं करायचा? आपल्यात म्हण आहे की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथं उलटं झालं. पैसा आला, तंत्र आलं, आणि सोंगाच्या पोटातलं हरवलं.

अमेरिकेतल्या चुलतभावाचं काय झालं तेही बघू. तिकडचा बाहुला चकी. १९८८ नंतर १९९० आणि १९९१ मध्ये लागोपाठ दोन भाग निघाले. मग १९९८ च्या 'ब्राइड ऑफ चकी'मध्ये त्यांनी उघड विनोदाचा रस्ता धरला, बाहुल्याला बायकोच आणली. २००४ मध्ये पोरगंही आलं. आणि २०१३ मध्ये, म्हणजे आपला तात्या थ्रीडीत येत होता त्याच वर्षी, 'कर्स ऑफ चकी' आला. त्यात त्यांनी बराचसा विनोद बाजूला ठेवून पुन्हा भीतीकडे जायचा प्रयत्न केला. तो पिक्चर अमेरिकेत टॉकीजला लागलाच नाही, थेट घरच्या पडद्यासाठी निघाला. एक बाहुला घरातून थिएटरकडे निघालेला, दुसरा थिएटरातून घराकडे. आम्हांला चकीची वाट जास्त शहाणपणाची वाटते. मोठं घर, थोडी माणसं, चाकाच्या खुर्चीवरची एक मुलगी आणि तिचं कोणी ऐकत नाही. त्यांना त्यांची हरवलेली साक्ष सापडली. कमी पैशाच्या बंधनानंच ती सापडली असावी.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हांला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

त्याच २०१३ च्या वीस ऑगस्टला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, साखळीनं बांधणं, हा गुन्हा ठरला. चित्रपटाचा आणि त्या घटनेचा संबंध जोडण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात आपण एका हातानं काय करत होतो आणि दुसऱ्या हातानं काय, एवढंच दाखवायचं आहे.

असले चित्रपट अंधश्रद्धा वाढवतात, अशी टीका होते. ती आम्हांला पटत नाही. तात्या विंचू बघून कोणी मांत्रिकाकडे गेलं असेल असं वाटत नाही. पोरांना बाहुला म्हणजे बाहुला हे चांगलं कळतं. 'हसण्यानं भीती मरते, म्हणून हे चित्रपट पुरोगामी' ही उलटी टीकाही पटत नाही. बाबा चमत्कारला आपण हसतो, पण कथेत त्याचा मंत्र चालतो. ज्या बुवाला हसलो तो बुवा तसाच बसून राहतो. हसू भीतीला मारत नाही, घरात राहायची परवानगी देतं.

खरा प्रश्न तिसराच आहे. गावात एखाद्या बाईच्या 'अंगात येतं'. ती काही सांगत असते. सासरचं सांगत असेल, दुखण्याचं सांगत असेल, रात्री काय होतं ते सांगत असेल. निम्मं गाव हात जोडतं, निम्मं तोंडाला पदर लावून हसतं. देवऋषी म्हणतो ती बोलतच नाही, तिच्यातलं भूत बोलतंय. शिकलेला म्हणतो ती बोलतच नाही, तिचं डोकं बिघडलंय. दोघांचं एका गोष्टीवर एकमत, की ती बोलत नाही. तिला दोघांनी मिळून बोलका बाहुला केलं. आवाज तिचा, पण शब्द दुसऱ्या कोणाचे तरी. पहिल्या 'झपाटलेला'नं, कळत असो नकळत असो, आपल्याला दोन तास त्या माणसाच्या बाजूला बसवलं होतं, ज्याचं कोणी ऐकत नाही. ते आपण रिमोटच्या बटणानं घालवलं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी रविवारी दुपारी तो पिक्चर लागला, आणि तो लागणारच, तर एकदा तात्याकडे न बघता लक्ष्याकडे बघा. घरात नातवंडं असतील तर त्यांना विचारा, 'याचं कोणी का ऐकत नाही रे?' पोरं काय उत्तर देतात ते ऐका.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी दोन.)

प्रश्न: सर, तुम्ही एवढा अर्थ काढलात, पण काढणाऱ्यांच्या मनात तो होता का?

उत्तर: त्यांच्या मनात लोकांना हसवायचं होतं आणि ते त्यांनी उत्तम केलं. पण लहान मुलाच्या जागी मोठा माणूस घ्यायचा, त्याला बोलक्या बाहुल्यांचा धंदा द्यायचा, हे कोणीतरी ठरवलं ना? ते ठरवलं की बाकीचं त्याच्या मागं येतंच. सुताराला लाकडाचे तंतू कुठं वळलेत त्याचं शास्त्र सांगता येईलच असं नाही, रंधा मात्र तो बरोबर फिरवतो.

प्रश्न: मग दुसरा भाग काढायचाच नाही का?

उत्तर: काढावा की. पंतांनी एकशे आठ वेळा रामायण सांगितलं, आम्ही त्याच गावात बसून एका दुसऱ्या भागाला विरोध कसा करू? फक्त नवं बंधन घ्यावं. आमच्या डोक्यात एक आहे. पिक्चरभर बाहुला हललेला दाखवायचाच नाही. एकदाही नाही. फक्त एक बाई सांगतेय की तो हलतो, आणि शेवटपर्यंत आपण ठरवायचं, की तिचं ऐकायचं की नाही. चालेल का? तिकीटबारीचं आम्हांला विचारू नका. तो विषय आमच्या पीएचडीत नव्हता.